जैसे थे

नोटीस महादेवरावांच्या नावानं आली. महादेवराव जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण महानगरपालिकेच्या रजिस्टरात ते अजून ठणठणीत होते. 'आपल्या मालकीच्या मोकळ्या भूखंडावर बांधकामाचा मलबा व झाडेझुडपे साचून डासांची उत्पत्ती होत असल्याची तक्रार प्राप्त झाली आहे. सात दिवसांच्या आत भूखंड स्वच्छ करावा, अन्यथा...' अन्यथाच्या पुढचं त्यांच्या मुलानं, यशोधननं, वाचलंच नाही. पस्तीस वर्षांच्या वकिलीत त्यानं स्वतःच इतके अन्यथा लिहिले होते, की पुढचं त्याला तोंडपाठ होतं.

त्याला राग आला तो तक्रारीचा. शेगाव नाक्यापलीकडच्या त्या लेआउटमध्ये सगळे नवे लोक. कुणी भाड्यानं राहणारं, कुणी कर्ज काढून बांधलेलं. त्यांना काय ठाऊक, की त्या प्लॉटवरची काडीसुद्धा हलवायची नाही असा कागद झालेला आहे.

तो कागद यशोधननंच लिहिला होता. महादेवरावांच्या तेरवीनंतर कोर्टामागचं जुनं घर यशोधनला, नांदगाव खंडेश्वरची जमीन धाकट्या बंडूला आणि हा प्लॉट दोघांत निम्मा निम्मा, असं ठरलं. थोरल्या ताईनं, म्हणजे गोदावरीनं, आपला हक्क सोडायचा हेही ठरलं. ते ठरायला फार वेळ लागला नाही. पण प्लॉटची मोजणी व्हायच्या आतच यशोधननं जुनं घर पाडलं आणि चार दिवसांसाठी म्हणून सगळा मलबा प्लॉटवर आणून टाकला. तोही नेमका बंडूच्या वाट्याला येणार त्या बाजूला. बंडू अकोल्याला शाळेत मास्तर. ताईच्या हक्कसोड पत्राच्या नोंदणीसाठी म्हणून तो सकाळच्या गाडीनं आला, वाटेत प्लॉटवर डोकावला, ढीग पाहिला आणि भर रस्त्यात ओरडला की हा कब्जा आहे.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. या घरातली मुलं त्या पायरीवर खेळूनच मोठी झालेली. त्यामुळे भांडण हातघाईवर न येता कागदावर आलं. 'अंतिम वाटणी होईपर्यंत भूखंडाची स्थिती जैसे थे राहील. कोणीही तेथे काही टाकणार नाही, कोणीही तेथून काही उचलणार नाही.' उचलण्याचं कलम बंडूनं घालायला लावलं; आज मलबा उचलायला येईल न् उद्या तारेचं कुंपण घालेल, असा त्याचा हिशेब. महिन्याभरानं यशोधन खरोखरच ट्रक घेऊन मलबा उचलायला निघाला, तेव्हा बंडूनं त्याच कागदाची झेरॉक्स त्याला रजिस्टर पोस्टानं पाठवली. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आणि प्लॉटवर पाऊल टाकणंही बंद. वेडी बाभूळ, तरोटा आणि गाजरगवत यांनी मात्र त्या कागदावर सही केलेली नव्हती.

*

यशोधनची सून अदिती धामणगाव रेल्वे या गावची. लग्न होऊन आली त्या महिन्यातच तिच्याकडे एक काम आलं, ते म्हणजे सासरे आणि चुलतसासरे यांच्यामध्ये उभं राहणं. 'बंडूला सांग' आणि 'तुह्या सासऱ्याले सांग' ही दोन वाक्यं ती दिवाळीत, बारशात, एकदा तर स्मशानातही पोचवून आली होती. या आठवड्यात तिनं सहा दिवस फोनवर तेच केलं. सासऱ्यांनी अकरा कलमांचा मसुदा केला, 'उभय पक्षांच्या हक्कास बाधा न येता करावयाच्या साफसफाईबाबत'. बंडूकाकांनी त्यातली चार कलमं खोडून परत पाठवला. मग सासऱ्यांनी सुचवलं की उचलण्याआधी मलब्याचा रीतसर पंचनामा व्हावा. काट्याकुट्यांचा पंचनामा! अदितीला हसू आलं होतं, पण त्या घरात अशा गोष्टींना हसायची पद्धत नव्हती.

रविवारी सकाळी सगळे प्लॉटसमोर जमले. मुदत मंगळवारी संपत होती. अदितीनं ठरवलेला जेसीबी येऊन रस्त्याकडेला उभा होता आणि त्याचा चालक श्रावण सीटवर मान टाकून घोरत होता. यशोधन आपल्या गाडीत काच खाली करून बसलेला. बंडू आणि त्याची बायको सुभद्रा रस्त्याच्या दुसऱ्या कडेला, गोदावरीच्या दारापुढच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. कारण गोदावरी प्लॉटच्या अगदी समोर, दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होती. धारणीकडच्या शाळांमध्ये तिनं सगळी नोकरी केली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर कुठंही राहता आलं असतं, पण ती येऊन बसली ती बापाच्या जागेकडे तोंड करून.

स्वच्छता निरीक्षक नितेश मोटारसायकलवरून आला. त्याला पंचनामा नको होता, मसुदा नको होता. एका हमीपत्रावर मालकाची सही हवी होती, बस. ते मिळालं की मुदतीनंतरही दोन दिवस तो थांबणार होता, नाहीतर मंगळवारनंतर महापालिकेची माणसं येऊन साफ करणार आणि खर्च करात लावणार.

"मालक कोन हाय तुमच्यातून?" त्यानं विचारलं.

यशोधन गाडीतून उतरला आणि त्यानं खिशातून पेन काढलं.

"अदिती," बंडू खुर्चीवरूनच म्हणाला, "सांग तुह्या सासऱ्याले. एकट्याची सही झाली तं मी इथीच आक्षेप लिहून देतो."

मग दोघांनी सही करावी असं निघालं. त्यावर बंडूनं एक ओळ वाढवायला सांगितली, की मलबा ज्यानं टाकला त्याचाच तो आहे. यशोधन म्हणाला की असं लिहिणं म्हणजे अतिक्रमण कबूल करणं, आणि ते तो मेला तरी करणार नाही. अर्धा तास हेच चाललं. उन्हं वर आली. अदिती तोवर काठावरनं ढिगाकडे पाहत राहिली. जुन्या न्हाणीघरातली सिमेंटची टाकी मलब्यात जशी पडली तशी उभीच राहिली होती, आणि पावसाच्या पाण्यानं काठोकाठ भरली होती. हिरव्या पाण्यात बारीक बारीक काहीतरी वळवळत होतं.

श्रावण महिन्यात गोदावरी, म्हणजे अदितीच्या ताईआत्या, आठ दिवस दवाखान्यात होत्या. डेंगू. प्लेटलेट उतरत चाललेल्या. सासरे सकाळी नऊला भेटायला जात आणि बंडूकाका अकोल्याहून येऊन संध्याकाळी पाचला. दोघांची गाठ पडू नये म्हणून वेळा अदितीनंच लावून दिल्या होत्या. ताईआत्या सकाळीही विचारत, "एकटाच आला का?" आणि संध्याकाळीही तेच विचारत. तेव्हा अदितीला वाटलं होतं की तापात बोलतात.

"वकीलसाहेब," नितेशनं शेवटी हात जोडले, "या टाकीत अळ्या हायत. त्याह्यले तुमची केस समजत नाही."

*

गोदावरी घरातून बाहेर आली ती हातात प्लॅस्टिकची फाइल घेऊन. आजारपणानं ती निम्मी झाली होती, पण चाल अजून वर्गात शिरणाऱ्या बाईंची होती.  लहानपणी दोघा भावांना तिनंच अंघोळी घातल्या होत्या, त्याच टाकीतलं पाणी घेऊन.

"तक्रार मी देली," ती म्हणाली.

यशोधनला क्षणभर कळेचना. "तू? बाबांच्या नावानं?"

"फॉर्मवर मालकाचं नाव लिहा म्हने. बाबाचं लिहिलं. तुमी दोघं तं अजून मालक झालेच नाही." एवढं बोलून तिनं नितेशकडे हात केला. "आना तो कागद. मी करतो सही."

नितेश अवघडला. मालकाचीच सही लागते, असं त्यानं हळूच सांगितलं.

"मंग? महादेवरावाची मोठी पोरगी हाय मी."

बंडू उठून तिच्याजवळ आला. त्याच्या आवाजात खरंच माया होती. तो तिला समजावू लागला, की तू आजारातून उठली आहेस, तू कशाला या भानगडीत, आणि तू तर तुझा हक्क सोडलेला आहेस. गोदावरीनं सगळं ऐकून घेतलं. मग फाइलमधून एक जुना स्टॅम्पपेपर काढून त्याच्यापुढे धरला.

"वाच. याच्यावर नोंदनीचा शिक्का कुठी हाय, दाखव."

बंडूनं कागद उलटा केला, सुलटा केला. यशोधनला पाहायची गरजच नव्हती. नोंदणीचा दिवस म्हणजे तोच, बंडूनं रस्त्यात तमाशा केला तो. त्या दिवशी नोंदणी कार्यालयात कुणी गेलंच नाही. नंतर दोघंही त्या जैसे थेच्या कागदात इतके गुंतले, की ताईचा कागद राहून गेला, आणि बंडूनं तो मागाहून नोंदला गेला असं धरलं. नोंदणीशिवाय हक्कसोड म्हणजे नुसता पांढऱ्यावर काळा, हे पहिल्या वर्षाचा वकीलही सांगेल. यशोधनला ते नऊ वर्षं ठाऊक होतं. त्याला त्याची काळजी वाटली नव्हती, एवढंच. लागेल तेव्हा ताईला घेऊन जाऊ, असं त्यानं धरलेलं. ताई काही नाही म्हणणारी नव्हती. ताईनं आजवर कुठं कशाला नाही म्हटलं होतं?

"वार्ड हाफिसात त्या पोराले फाइल दाखवली," गोदावरी सांगत होती. "तोच म्हनला, बाई, याले काही अर्थ नाही, तुमी वारस हाय. मी नऊ वर्सं समजत होतो का आपलं इथं काहीच नाही. खिडकीतून पायत बसत होतो."

बंडूनं मान वर केली. त्यानं अदितीकडे पाहिलं नाही. सरळ भावाकडे पाहिलं.

"दादा. हे खरं हाय?"

नऊ वर्षांनंतर तोंडावर म्हटलेलं ते पहिलं 'दादा'. यशोधनला त्याही अवस्थेत ते ऐकू आलं.

"हो," तो म्हणाला.

"म्हनजे तिसरा हिस्सा."

"हो."

"मंग तू सांगतलं काऊन नाही?"

"तू बोलत होता का माह्याशी?"

*

गोदावरीनं ओट्यावर टेकून हमीपत्रावर सही केली, शाळेच्या हजेरीपटावर करायची तशी, वाचता येईल अशी. नितेशनं ते घडी करून खिशात घातलं आणि श्रावणला हाक मारली. जेसीबी गुरगुरत आत शिरला. बाभळी उपसल्या गेल्या, गाजरगवताचा कडवट वास उठला. मलब्याचा पहिला घास उचलला तेव्हा विटांबरोबर गिलाव्याचा एक मोठा तुकडा वर आला, निळ्या रंगाचा. स्वयंपाकघराची भिंत. सगळ्यांनीच तो ओळखला. 

मग टाकी फुटली. हिरवं पाणी सळसळत रस्त्यापर्यंत आलं आणि कडक उन्हात सुकूनही गेलं. एका टाकीचं एवढंसं पाणी. त्यानं आपल्याला आठ दिवस खाटेला खिळवलं होतं, याचं गोदावरीला नवल वाटलं.

तिनं मान वळवली तेव्हा तिचे दोन्ही भाऊ प्लॉटच्या कोपऱ्यात शेजारी शेजारी उभे होते. यशोधनचा हात बंडूच्या खांद्यावर होता. खालच्या आवाजात, भराभर बोलणं चाललं होतं. बंडू मान हलवत होता, मध्येच बोटांवर मोजून काही सांगत होता, आणि दोघंही मधून मधून तिच्याकडे पाहत होते. सकाळपासून तिच्याकडचा चहा दोनदा घेतलेली सुभद्रा आता खुर्ची उचलून गाडीच्या सावलीत जाऊन बसली होती. "दोघायचं भांडन न् तिसऱ्याचा लाभ," ती अदितीला म्हणाली, ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.  अदिती उठून गोदावरीजवळ येऊन उभी राहिली.

गोदावरीला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. तिला प्लॉट नको होता. नऊ वर्षं तिनं एकच गोष्ट मागितली होती, शेगावला पायी जाऊन मागितली होती, की हे दोघं एका बाजूला उभे राहिलेले एकदा दिसू दे. आता ते एका बाजूला उभे होते आणि समोरच्या बाजूला ती होती. मागितलेलं मिळाल्यावर माणसाला आनंद व्हावा. तिला आधी रडू आलं. आनंद झाला, पण तो मागाहून.

"ताईआत्या, ऊन लागन, आत चला," अदिती म्हणाली.

"थांब जराशीक," गोदावरी म्हणाली. "पाहू दे."

*

दुपारी चारला एकच गाडी दारापुढे थांबली आणि तिच्यातून दोघं उतरले. बंडू यशोधनच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून आला होता. यशोधनच्या हातात हक्कसोडीचा नवा कोरा मसुदा होता आणि बंडूच्या हातात गिल्या वड्याचं, म्हणजे दही-चटणीत भिजवलेल्या वड्याचं, पार्सल. ते उघडताना दोघांची जुंपली. चटणी पहिल्यासारखी राहिली नाही असं एक म्हणे, दुकान बदललं पण चटणी तीच आहे असं दुसरा. बाबा कोर्टातून येताना कुठल्या गाडीवरून आणत, यावरून आणखी थोडं. गोदावरी चहा टाकता टाकता आतून ऐकत होती. चहा उकळून वर आला तरी तिनं गॅस बंद केला नाही, कारण बंद केला असता तर बाहेर जावं लागलं असतं आणि बोलणं मोडलं असतं.

चहा झाल्यावर यशोधननं कागद पुढे केला. बोलला तोच, बंडू मध्ये मध्ये बरोबर म्हणत होता. सकाळी झालं ते झालं, कुणाच्या मनात काही नाही. प्लॉट साफ झाला हे उत्तमच. तुला आम्ही कधी काही कमी पडू देणार नाही. उद्या सोमवार आहे, अकराला नोंदणी कार्यालयात जाऊन येऊ, बंडूनं शाळेत सुटी टाकली आहे. त्यानंतर मोजणी करून निम्मं निम्मं, आणि कटकट संपली. त्यानं पेनचं टोपणही काढून ठेवलं.

गोदावरीनं कागद पूर्ण वाचला. चष्मा काढून ठेवला.

"मसुदा चांगला झाला. कोनं केला?"

"दोघांनी," यशोधन म्हणाला.

"किती वेळ बसले?"

"दोन-अडीच घंटे." बंडूला या चौकशीचं कारण कळेना. "जेवन बी दादाकडेच झालं."

तिनं कागदाची घडी केली आणि फाइलमध्ये ठेवून दिली. सही न करता.

"मी नाही करत सही."

बंडूचा चेहरा उतरला. यशोधनचा ताठ झाला, वकिलाचा झाला. त्यानं विचारलं, की तिला नेमकं काय पाहिजे, तिसरा हिस्सा पाहिजे का, का रक्कम पाहिजे, स्पष्ट सांगावं.

"मले मातीचं काय करायचं या वयात," गोदावरी म्हणाली. "नऊ वर्सं झाले, तुमी माह्या दारात एका येळी आले नाही. दवाखान्यात मी मरून राहिली होती तं घड्याळ पाहून आले. आज एका गाडीत आले, एका ताटात बसून जेवले. कायनं? मी सही नाही केली म्हनून." तिचा आवाज थोडा कापला, तो तिनं सावरला नाही. "उद्या सही देली तं परवापासून तुमी कायले याल? मोजनीच्या फितीवरून पुन्हा भांडसान न् पुन्हा अदितीच्या तोंडानं बोलसान."

 यशोधनकडे उलटतपासणीला प्रश्न खूप होते, पण समोरची साक्षीदार खोटं बोलत नव्हती.

"मंग कधी करशीन?" बंडूनं विचारलं. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला तो वड्याच्या पार्सलचा दोरा गुंडाळत बसला होता.

"पाहू. पुढच्या आयतवारी या दोघं. तवा ईचार करू." गोदावरीनं खिडकीबाहेर पाहिलं. प्लॉट मोकळा, काळाभोर पडला होता. जेसीबीच्या दातांच्या रेघा अजून ओल्या होत्या. "न् येताना गवत कापाले इळे आना. हे गाजरगवत मेलं पंधरा दिवसात पुन्हा उगवते. हमीपत्रावर माह्यी सही हाय, आता ते साफ ठेवा लागते, नाहीतं पुन्हा नोटीस. माह्याच्यानं वाकनं होत नाही."

भावांनी चपला घातल्या. ती दारापर्यंत गेली नाही, कपबश्या उचलत राहिली. बाहेर गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि मग बंडूचा.

"दादा, तुह्याकडे इळा हाय का?"

"माह्याकडे कायचा इळा?"

"मंग दोन्ही मीच आनतो नांदगावहून. तू फक्त साडेआठले तयार राह्य."

गाडी निघून गेली. गोदावरीनं उरलेला गिला वडा झाकून ठेवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात पुढच्या रविवारावर पेन्सिलनं एक गोल केला.